सर म्हणतात स्टार वाढवा, इथे सिस्टरच टिकत नाहीत

आलेलं पत्र (थोडं कापलंय, गाव काढून टाकलंय):

"ताई नमस्कार. मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी ५० बेडच्या खाजगी हॉस्पिटलला आहे. ११ वर्षं स्टाफ नर्स होती, ४ महिन्यांपूर्वी सरांनी इन्चार्ज केलं. पगार १५०० ने वाढला, डोकेदुखी दहापट. दिवाळीपासून ३ सिस्टर सोडून गेल्या. नातेवाईक रोज भांडतात, मागच्या महिन्यात एकाने वॉर्डबॉयची कॉलर धरली. गूगलवर १ स्टार देऊन लिहितात 'सिस्टर उद्धट आहेत'. सरांनी पुण्याहून ट्रेनर बोलावला, त्याने दिवसभर हसायचं कसं, नमस्कार कसा करायचा ते शिकवलं, भिंतीवर पोस्टर लागले, आठवड्यात सगळं जिथल्या तिथे. सर राउंडला पेशंटसमोरच सिस्टरला झापतात आणि खाली येऊन मला म्हणतात, पुढच्या दिवाळीपर्यंत साडेचार स्टार पाहिजेत. मी आधी त्यांच्यातलीच होती, आता मला बघून बोलणं थांबतं. सुरुवात कुठून करू?"

माय, तुझं ते 'मला बघून बोलणं थांबतं' मी तीनदा वाचलं. स्टार, पोस्टर, कॉलर हे सगळं त्याच्या नंतर. (तुला 'तू' म्हणतेय, राग मानू नको, मी ३१ वर्षं याच लाईनीत घालवली, आधी स्टाफ मग मॅट्रन, जळगाव धुळे नंदुरबार तिन्हीकडे, आता भुसावळला नातू सांभाळते आणि मधल्या वेळात तुमची पत्रं वाचते.)

आधी एक गोष्ट ऐक. मी तेव्हा एका खाजगी हॉस्पिटलला होते, नाव नको. धडगावकडचा एक पावरा आदिवासी माणूस, बायकोचं सिझर झालेलं, सर सकाळी राउंडला म्हणाले 'आज सुट्टी'. झालं, त्याने १० वाजताच गोधडी बांधली, बाळाला टोपडं घातलं, सासू व्हरांड्यात जाऊन बसली. इकडे फाईल खाली गेली, समरी टाईप करणारा पोरगा आलेला नाही, मेडिकलचं रिटर्न बाकी, सर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सही राहिली. १२ वाजले, २ वाजले, तो दर अर्ध्या तासाने सिस्टरकडे यायचा, सिस्टर म्हणायची खाली विचारा, खालचा म्हणायचा वरून फाईलच आली नाही. साडेचारला त्याची शेवटची एसटी गेली. पावणेपाचला त्याने काऊंटरवरचा पेनस्टँड भिरकावला. सगळे म्हणाले पिऊन आलाय. प्यायलेला नव्हता हो, मी जवळ उभी होते, ओल्या बाळंतिणीला घेऊन रात्र काढायची कुठे एवढाच त्याचा प्रश्न होता. सकाळी कोणी नुसतं विचारलं असतं ना, 'दादा, कागद व्हायला ४ वाजतील, तुमची गाडी कितीची?' तर त्याने उद्याचं ठरवलं असतं किंवा आम्ही त्याची फाईल आधी काढली असती.

आणि तक्रार झाली ती सिस्टरची. उद्धट बोलली म्हणे. काय बोलली होती ती? 'मला माहीत नाही.' तिला खरंच माहीत नव्हतं. चौथ्यांदा विचारल्यावर ते वाक्य जरा वरच्या आवाजात निघालं, बस्स.

माझं म्हणणं एवढंच आहे, तुझ्या सिस्टर उद्धट नसाव्यात, त्यांच्याकडे सांगायलाच काही नसावं. ज्याला काही माहीत नाही त्याला हसायला लावलं की पेशंटला ते हसणं अजूनच डोक्यात जातं, तुझ्या ट्रेनरचं तिथेच फसलं. तू इन्चार्ज म्हणून पहिलं काम कर की वॉर्डात काय चाललंय ते सिस्टरला कळलं पाहिजे, मग ती पेशंटला सांगेल, सांगायला शिकवावं लागणार नाही.

सुरुवात ओव्हरपासून कर, म्हणजे शिफ्ट बदलताना एक सिस्टर दुसरीला वॉर्ड सोपवते ते. मला माहितीय तुमच्याकडे ओव्हर कसा होतो, टेबलवर उभ्या उभ्या, एक पर्स खांद्याला लावून, 'सहा नंबरचं सलाईन चालू आहे, नऊ नंबर तसंच, बाकी ठीक.' हे बंद. दोघी मिळून बेडजवळ जा, पेशंटला सांगा की ह्या सिस्टर चालल्या, आता दुपारपर्यंत ह्या आहेत, काल रात्री काय झालं, आज काय होणार, एक्सरे आहे का, ड्रेसिंग कधी, सुट्टीचं काय. पेशंटसमोर बोललं की तोच मधे म्हणतो 'मॅडम, ते रात्रीचं इंजेक्शन तर राहिलंच.' म्हणू दे त्याला, सापडलं ना. १५-२० मिनिटं जास्त लागतील, पहिला आठवडा सगळ्या कुरकुर करतील, करू देत. फक्त ती १५ मिनिटं त्यांच्या घरी जायच्या वेळातून खाऊ नको, सकाळच्या शिफ्टला थोडं आधी बोलव आणि जाताना तेवढं आधी सोड, नाहीतर ते चालणार नाही, सोडतीलच.

दुसरं, रोज सकाळी वॉर्डात तुझा स्वतःचा एक फेरा, पेशंटसाठी नाही, सिस्टर आणि मावश्यांसाठी. प्रत्येकीला एकच विचारायचं, 'कामात काय अडतंय?' पहिल्या दिवशी सगळ्या म्हणतील 'काही नाही मॅडम'. बोलणं थांबलेलंच आहे ना. तिसऱ्या दिवशी कोणीतरी हळूच म्हणेल बीपी मशीनचा कफ, दंडाला बांधायचा पट्टा, फाटलाय, चार वेळा सांगितलं. तो कफ तू त्याच दिवशी आण, स्टोअरमधून नाही मिळाला तर सरांकडून १० मिनिटांत सही घेऊन बाजारातून आण, आणि तिच्या हातात देताना म्हण, तू सांगितलंस म्हणून आणला. मी मॅट्रन झाले तेव्हा माझं सगळं राजकारण एका गळक्या नळावर जमलं, ड्रेसिंग रूमचा नळ, दोन वर्षं गळत होता, मी प्लंबर आणला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरी चहाला बोलवायला लागल्या. जे होणार नाही तेही सांग, 'एसी होणार नाही, सर नाही म्हणाले, कूलर मागते.' आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, त्या वॉर्डात पीपीई घालून उभं राहणाऱ्या पोरीला कूलरचं उत्तर कधी मिळणार हे कळलं तरी ती टिकते.

आता पेशंटकडचं. तुझ्या ट्रेनरने ते पाच अक्षरांचं शिकवलं असेल, एआयडीईटी, अमेरिकेतल्या स्टुडर ग्रुपने बनवलेलं. समोरच्याची दखल घ्या, आपण कोण ते सांगा, किती वेळ लागेल ते सांगा, काय करणार ते समजवा, आभार माना. वाईट नाहीये ते, मला उलट आवडतं, पण पोपटासारखं म्हटलं की कॉल सेंटर होतं. त्यातलं मधलं, किती वेळ लागेल, तेवढं जरी तुझ्या वॉर्डाने पकडलं तरी माझ्या हिशोबाने बरीच भांडणं गेली. 'येतीलच डॉक्टर' असं कोणी म्हणायचं नाही. 'सर ओटीत आहेत, दीड तास लागेल, तोवर चहा पिऊन या, आले की मी हाक मारते.' आणि दीड तासात नाही आले तर आपण होऊन जाऊन सांगायचं की अजून अर्धा तास. हे दुसऱ्यांदा जाऊन सांगणं कोणी करत नाही, आणि माणूस चिडतो तो तिथेच.

नावाचंही बघ. इंग्लंडमधे केट ग्रेंजर म्हणून डॉक्टर होत्या, स्वतःला कॅन्सर झाला, ॲडमिट असताना लक्षात आलं की येणारे जाणारे कोणी नावच सांगत नाहीत, हात लावतात, सुई टोचतात आणि जातात. २०१३ ला त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' अशी मोहीम काढली, तिकडच्या हॉस्पिटलांत बिल्लेच बनले तसे. २०१६ ला गेल्या बिचाऱ्या. आपल्याकडे कसं, सिस्टर म्हणजे सिस्टर, मावशी म्हणजे मावशी. नाव सांगायला लाजू नका, आणि पेशंटलाही 'ए सात नंबर' नको, आप्पा, नाना, आक्का, जिभाऊ, आपल्या खान्देशात हाका काय कमी आहेत का.

भाषेचा मुद्दा पुण्याच्या माणसाला सुचणार नव्हता. म्हातारी अहिराणीत सांगत असते आणि आपली नवीन पोरगी पुस्तकी मराठीत विचारते 'वेदना कुठे होत आहेत?' अगं 'काय व्हयनं माय?' म्हण ना, ती धडाधड सांगेल. पावरी, भिली बोलणाऱ्यांचं तर अजून अवघड, ते मान हलवतात, आपल्याला वाटतं समजलं. तुझ्याकडे तिकडची एखादी मावशी किंवा वॉर्डबॉय नक्की असेल, त्याला साफसफाईतून अर्धा तास काढून सुट्टीच्या वेळी गोळ्या समजवायला उभा कर, आणि त्या कामाचं त्याला नाव दे, पैसे दे, फुकट राबवू नको. आणि 'समजलं का?' कधीच विचारू नको, कोणीही हो म्हणतं. विचार, 'घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल, ही गोळी कधी?' तिने चुकीचं सांगितलं तर चूक आपल्या समजवण्याची, परत सांगायचं.

ऐकण्याबद्दल एक जुना अभ्यास आहे १९८४ चा, अमेरिकेतलाच. डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदांत मधेच तोडतात असं निघालं. १८ सेकंद! आपल्या ओपीडीत रांग बघता मला ते १८ पण जास्त वाटतात. हे तू सरांना आत्ता सांगू नको, जरा जवळीक झाली की सांग.

बेलचं पण सांगते. बेल वाजली की जायचं हे चुकीचंच आहे, वाजायच्या आधी जायचं. २००६ साली अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंगमधे आलं होतं, तासाला एक ठरलेला फेरा, दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, कूस बदलायची का, पाणी फोन हाताशी आहे का, एवढंच विचारायचं. बेल कमी वाजल्या, पेशंट पडायचे कमी झाले, आणि लोक खूश पण जास्त झाले. तुझ्याकडे माणसं कमी, दर तासाला जमणार नाही, दिवसा दोन तासांनी कर, एक फेरा सिस्टरचा एक मावशीचा. पण टिकमार्कवाला तक्ता भिंतीला लावू नको, लावला की शिफ्ट संपताना एकदम सगळ्या टिका पडतात, मी स्वतः मारल्यात तशा.

सरांकडे येते. पेशंटसमोर झापणं हे तुझ्या हॉस्पिटलचं सगळ्यात महागडं दुखणं आहे, १ स्टारपेक्षा महाग, कारण ज्या सिस्टरला दहाच्या राउंडला सगळ्यांसमोर 'अक्कल आहे का' म्हटलं तिचा शब्द अकराला नातेवाईक का ऐकतील? आणि ज्या वॉर्डात झापतात तिथे चुका लपतात. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या बाई आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतल्या नर्सिंग टीम बघितल्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीमच्या औषधाच्या चुका कमी असतील, आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या चुका जास्त. मग उलगडलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. म्हणजे तुझ्या वॉर्डात चुकीच्या नोंदी शून्य असतील तर खुश होऊ नको, घाबर.

सरांना बोलायचं कसं? ओटीत नाही, राउंडला नाही, मीटिंगमधे तर नाहीच. ओपीडी संपल्यावर, चहा घेऊन, एकटे असताना. 'सर तुम्ही ओरडता' असं सुरू केलंस तर संपलं तिथेच. त्यांनी तुला स्टारचं सांगितलंय ना, तेच धरून बोल. 'सर, तुम्ही साडेचार म्हणालात. तीन सिस्टर गेल्या, नवीन पोरीला तुमचं ओटीचं सामान शिकवायला किती महिने जातात ते तुम्हाला माहितीय. मला एक मदत करा, चूक दिसली की राउंडला मला फक्त बेड नंबर सांगा, मी त्याच दिवशी बघते आणि संध्याकाळी तुम्हाला सांगते काय केलं.' आणि संध्याकाळी खरंच सांगायचं, एकही दिवस न चुकता, कारण बरेच डॉक्टर ओरडतात ते आपलं काम होईल याचा भरवसा नसतो म्हणून. (काही स्वभावाने ओरडतात, त्यांना औषध नाही. तुझे सर कुठल्या प्रकारातले ते महिन्याभरात कळेल.)

रात्रीच्या फोनवरून पण फार ओरडा बसतो, ते तू तुझ्या बाजूने सुधारू शकते. 'सर, पेशंट बरं नाही वाटत, तुम्ही येता का' असा फोन अडीच वाजता आला की झोपेतला माणूस खेकसणारच. त्यासाठी एसबीएआर म्हणून पद्धत आहे, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून हॉस्पिटलांत आली. आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय पाहिजे. असा फोन कर: 'सर, सात नंबर, ४८ वर्षांचे, आत्ता पल्स १२४, बीपी ९० बाय ६०. काल हर्नियाचं ऑपरेशन, चार तासांत लघवी ५० एमएल, ड्रेसिंग भिजतंय. मला वाटतं आत ब्लीडिंग आहे. तुम्ही येऊन बघायला पाहिजे, येईपर्यंत सलाईन फास्ट करू का?' वीस सेकंद. तिसरं वाक्य, मला काय वाटतं, ते म्हणायला आपल्या पोरी घाबरतात, कारण आजपर्यंत त्यांना कोणी विचारलंच नाही. फोनजवळ चार ओळी लिहून चिकटव आणि प्रत्येकीकडून दोन-दोनदा खोटा फोन करून घे, हसतील, पण येईल. डब्ल्यूएचओची ऑपरेशनची चेकलिस्ट आहे ना २००८ ची, त्यातसुद्धा चिरा देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं आहे, त्याचं कारण हेच, एकदा तोंड उघडलं की माणूस पुढे बोलतो. आठ शहरांत करून बघितलं त्यांनी, आपली दिल्ली पण होती त्यात, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले होते.

कॉलरचं. २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, हॉस्पिटलच्या माणसावर हात टाकला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, त्याचा बोर्ड लाव, आणि झालं तर तक्रार नक्की दे, त्या वॉर्डबॉयला 'जाऊ दे रे' म्हणू नको. तू त्याच्यासोबत पोलीस स्टेशनला गेलीस का? नसशील तर आत्ता त्याला बोलवून विचार कसा आहेस. बोर्डाने मात्र हात थांबत नाही. पेशंट सिरीयस झाला की दोन तासांनी एकदा कोणीतरी, शक्यतो सरांनी स्वतः, घरातल्या एका ठरलेल्या माणसाला आत बोलवून, खुर्चीवर बसवून सांगायचं. व्हरांड्यात उभ्याने नाही, पंधरा जणांना नाही. वाईट बातमी एकदम आली की माणूस खवळतो, पायरीपायरीने आली की रडतो.

पैशाचं फार बोलत नाही, तो काऊंटरचा प्रांत. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावणं २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी बंधनकारकच आहे, कॅलेंडरच्या मागे लपवली असेल तर काढा. महात्मा फुले योजनेत असाल तर आरोग्यमित्र कुठे बसतो ते प्रत्येक सिस्टरला माहीत पाहिजे. आणि बिल वाढणार असेल तर वाढायच्या आधी सांगायचं. स्टारसाठी स्टाफच्या नवऱ्यांकडून रिव्ह्यू टाकून घ्यायची आयडिया कोणी दिली असेल तर नको, तालुक्याच्या गावात कोण कोणाचा नवरा ते सगळ्यांना माहीत असतं.

राहिलं ते बोलणं थांबायचं. थोडं थांबणारच माय, तुझ्या हातात आता त्यांची रजा आहे, पूर्वीसारखं नवऱ्याचं सासूचं सगळं तुझ्यासमोर नाही निघणार, ते सोडून दे. पण ड्युटीचं रोस्टर महिन्याच्या २५ तारखेला लाव, आदल्या दिवशी नाही, आणि नाईट कोणाला किती पडल्या ते सगळ्यांना दिसेल असं लाव, तुझ्या मैत्रिणीला एक नाईट जास्तच पडू दे. पावरा-भिल पोरी असतील तर होळीला त्यांना आधी विचार, काठी गावची होळी चुकली की वर्षभर मनात राहतं, त्या बदल्यात त्या दिवाळीला उभ्या राहतात. आणि श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचा, त्या दिवशी अर्धा स्टाफ रजा मागतो आणि दरवर्षी त्यावरूनच फाटतं. यावर्षी तो रविवार तू स्वतः घे, सकाळपासून रात्रीपर्यंत, वॉर्डात. सोमवारी विसर्जन करून येतील तेव्हा कोणीतरी डबा आणेलच. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, नाही आणणार, ते भाऊबंदकीतच खायचे असतात, पण खीर येईल. सगळ्यांसोबत बसून खा, आणि तुझ्यासमोर कोण काय बोलतं ते मला लिही.